गाडीच्या पोटाखालचा गंज

गाडी घरी येऊन पाचवा आठवडा लागला होता आणि आमचे हे अजून तिच्याखालीच होते. सकाळी दार उघडून बघावं तर फरशीवर जुनी चादर, चादरीवर हे उताणे, आणि बाहेर फक्त दोन पावलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात माझा आरसा, काठीला सुतळीने बांधलेला. विचारलं नाही, सांगितलं नाही, माझा वेणीफणीचा आरसा सरळ गाडीखाली.

"सापडला का आणखी एक?" मी विचारायची.

"मागच्या चाकाजवळ. परवा टाचणीच्या डोक्याएवढा होता, आज शर्टाच्या गुंडीएवढा झालाय."

"मग अभिनंदन," असं म्हणून मी आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

राग माझ्या नाकावर असतो हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि ते खरंही आहे. पण या वेळी रागाला कारण होतं. ही गाडी आम्ही हौसेखातर घेतली नव्हती. माझी ताई दुसऱ्या गावी राहते, पाच तासांच्या वाटेवर. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ताई तेरा. मला तिनेच वाढवलं. आता तिला विसरायला होतं. मी दर रविवारी फोन करते. गाडी आली त्या रविवारी तिने मला आवाजावरून ओळखलं. पुढच्या रविवारी जरा थांबली आणि मग "हां, हां, बोल," म्हणाली. ओळखून म्हणाली की सवयीने, काही कळलं नाही. तिसऱ्या रविवारी तिने फोन बाजूला धरून लेकीला विचारलं, "कोण बाई आहेत गं या?" तिला वाटलं मला ऐकू जात नाही.

माझ्या गुडघ्यांना दोन बस बदलणं आता झेपत नाही, म्हणून तर दोघांनी साठवलेलं सगळं घालून ही नवी कोरी गाडी दारात आणली. आणि गाडी दारातच उभी. इकडे हे गंज मोजत होते आणि तिकडे ताई मला विसरत चालली होती.

"एवढं खालचं काम होऊ दे, मग निघू," हे म्हणायचे. "ताईंच्या घरापाशी दोन किलोमीटर नुसती खडी आहे. आधीच रंगाचे टवके उडालेत. अशी खडीवर घातली तर खाली काही उरायचं नाही."

हे पस्तीस वर्षं एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होते. साहेबांच्या गाड्या यांनी तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या. रोज सकाळी सहाला गाडी धुवायची, आतून-बाहेरून, वरून-खालून, आणि धुतली की झाकायची. पावणेनऊला साहेब येईपर्यंत धुळीचा कण बसता कामा नये. ही सवय गाडीबरोबर आमच्या घरी आली. रोज सहाला पाण्याचा पाइप सुरू. वर तर वरच, पण हे पाइप खाली घालून गाडीचं पोटसुद्धा धूत. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मीही हातभार लावला. मी आयुष्यभर शिवणकाम केलं. ह्यांनी माप दिलं आणि मी गाडीला कव्हर शिवलं. साधंसुधं नाही. वर पाणी न झिरपणारा जाड कपडा, आत मऊ अस्तर, खाली चारी बाजूंनी इलॅस्टिक, पार जमिनीला टेकेल असं. वाऱ्याची झुळूक आत शिरायची नाही. शेजारीपाजारी बघून गेले. मी वरवर "त्यात काय एवढं" म्हटलं, पण आतून चांगलीच फुगले होते.

चौथ्या आठवड्यात ह्यांनी तारेचा ब्रश आणला आणि गंजावर घासला. गंज थोडा निघाला, त्याच्या भोवतालचा चांगला रंगही निघाला. जिथे तीन ठिपके होते तिथे हातभर उघडा पत्रा झाला.

पाचव्या रविवारी ताईने फोनच घेतला नाही. भाची म्हणाली, "मावशी, आई आज कुणाशीच बोलत नाहीये." मी फोन ठेवला, बाहेर आले आणि गाडीखालून बाहेर आलेल्या त्या दोन पावलांना म्हणाले, "ठेवा जपून. ताई गेली की चकचकीत गाडीतून न्या मला शेवटचं बघायला."

बऱ्याच वेळाने हे सरपटत बाहेर आले, हात धुतले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "उद्या गॅरेजात नेऊ. तूही चल."

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गाडी बघायच्या आधी माणसाला प्रश्न विचारतो. त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि वर उचलली. मी पहिल्यांदाच गाडीचं पोट बघत होते. वरून नवी नवरी आणि खालून जोडांवर, बोल्टांवर, चाकांच्या दांड्यांवर तांबूस ओघळ.

"गाडी किती फिरली?" डॉक्टरने विचारलं.

"एक्केचाळीस किलोमीटर," हे म्हणाले. "शोरूममधून घरी आणि एकदा पेट्रोल भरायला."

"पाच आठवड्यांत एक्केचाळीस? बरं. धुता किती वेळा?"

"रोज. खालूनसुद्धा," ह्यांनी छाती काढून सांगितलं.

"वाळायला किती वेळ देता?"

"वाळायला? लगेच झाकतो. धूळ बसते ना."

डॉक्टर मान वर करून गाडीच्या पोटाकडेच बघत राहिला. "ओलीच झाकता?"

"कव्हर चांगलं आहे," हे म्हणाले. "हिने स्वतः शिवलंय. जमिनीपर्यंत. आत हवाही जात नाही."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "काकू, शिवण नक्कीच सुंदर असणार," तो म्हणाला. "पण खालचं पाणी जाणार कुठे? दिवसभर आत कोंडतं. गाडी चालली असती तर वाऱ्याने सुकली असती. शोरूममधून येताना एखाददुसरा खडा लागून टवका उडाला असेल, तो सगळ्यांच्याच गाडीला उडतो. बाकीचं तुम्ही दोघांनी केलंय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पाच आठवडे मी ह्यांच्या नावाने खडे फोडत होते, आणि गंज आमच्या दोघांच्या मेहनतीचा निघाला. पाणी ह्यांचं, कपडा माझा.

"घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाला. "वरवरचा आहे, पत्रा शाबूत आहे. घासतो, गंजावरचं औषध लावतो, प्रायमर, रंग, आणि वरून काळा रबरासारखा थर. संध्याकाळी घेऊन जा. आणि काका, तारेचा ब्रश मला देऊन टाका."

आम्ही गॅरेजच्या बाकावर बसून राहिलो. आतून घासल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला हे खांदे आक्रसून घेत होते. मी म्हटलं, "अहो, एवढं काय? आपलीच गाडी आहे."

"तेच तर," हे म्हणाले. "नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. एक सायकलवाला घासून गेला आणि दाराला ओरखडा आला. साहेब काही बोलले नाहीत. त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि मग त्या बोटाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर तेहतीस वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या आधी बोट फिरवून बघायचो." त्यांनी स्वतःचं बोट बघितलं. "आता विचारणारं कुणी नाही, हे कळतं मला. पण वाटतं, कुणीतरी येईल आणि बोट फिरवेल."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी इतकी माया दाटून आली, की त्या बाकावर, चार परक्या माणसांच्या देखत, मी त्यांचं ते बोट मुठीत धरून बसले. हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत." पण हात काही सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पाइप सुरू झाला नाही. हे तयार होऊन दारात उभे होते. आम्ही निघालो.

खडी सुरू झाली तिथे ह्यांनी गाडी थांबवली. उतरले, रस्त्याकडे बघितलं, वाकून गाडीखाली बघितलं, परत आत येऊन बसले. मी एक अक्षर बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मग बैलाच्याही मागे राहावं अशा चालीने गाडी खडीवर निघाली. खालून टक् आवाज आला की ह्यांची मान खांद्यात जायची.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर मीच विणलेला स्वेटर. माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "या, बसा. कुणाकडे आलात?"

मी सांगितलं. मी कोण, हे कोण, आपली आई, आपलं घर, सगळं सांगितलं. ती परक्या माणसाचं ऐकावं तशी मान डोलवत राहिली. "हो का? बरं झालं आलात," म्हणाली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि भाचीच्या गळ्यात पडून रडले. उशीर झाला होता. पाच आठवड्यांचा उशीर, आणि त्यात माझंही अस्तर होतं.

बाहेर आले तर ताई खिडकीतून गाडी बघत होती. "ती कुणाची?" तिने विचारलं.

"आमची," हे म्हणाले.

"मला बसायचंय."

भाची चकित झाली. तीन महिने आईने उंबरठा ओलांडला नव्हता. ह्यांनी मागचं दार उघडून धरलं, पस्तीस वर्षं धरलं तसंच. ताई बसली, शेजारी मी बसले, आणि ती म्हणाली, "चला ड्रायव्हर." भाची बिचारी ओशाळली. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "हो बाईसाहेब," म्हणाले आणि गाडी सुरू केली.

टक्. ताईने कान टवकारले. "काय वाजतंय?"

"खडे उडतायत, बाईसाहेब. खालून लागतायत."

टक् टक्. ताई हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, पोरीसारखी. "अहो, जोरात घ्या की!"

मला वाटलं, आता हे काहीतरी सबब सांगतील. पण गाडीने वेग घेतला. खडे गाडीच्या पोटावर ताडताड बडवत होते, ताई खिदळत होती, आणि हे ताठ मानेने समोर बघत चालवत होते. तेवढ्यात एक खड्डा आला. गाडी आदळली, मी पुढे गेले, आणि ताईचा हात आडवा येऊन माझ्या छातीवर बसला. घट्ट. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

"धरून बस गं," ती रागावून म्हणाली. "पडशील ना. किती वेळा सांगायचं तुला?"

मी त्रेसष्ट वर्षांची बाई. "हो ताई," म्हटलं आणि दोन्ही हातांनी तिचा हात तसाच धरून ठेवला. खडी संपेपर्यंत तिने तो काढला नाही.

मग डांबरी रस्ता लागला. गाडी गुळगुळीत चालू लागली, आवाज थांबला. ताईने हात काढून मांडीवर ठेवला, थोडा वेळ बाहेर बघितलं, आणि माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, "तुम्हाला कुठे उतरायचंय?"

ह्यांनी समोरच्या आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. गाडी वळवली आणि होत्या त्या वेगाने पुन्हा खडीवर घातली.