उशिराचं कारण

माझं पोट साफ होत नाही ही बातमी आमच्या घरात सगळ्यांना आहे. तुम्हालाच काय ती नव्हती, आता तुम्हालाही झाली.

मी शहरबस चालवते. सकाळी साडेपाचची पहिली गाडी माझी. नऊ वर्षं तिकीट खिडकीत काढली, तेव्हा कुठे दोन वर्षांपूर्वी स्टिअरिंग हातात आलं. आणि आता चार-चार दिवस पोट साफ होत नाही, झालंच तर डोळ्यांत पाणी येतं, आणि घरात ज्याला त्याला वैद्य व्हायची हौस आलीय.

सासूबाई पपई चिरून ठेवतात आणि मी खाल्ली की नाही ते फोडी मोजून बघतात. नणंदेचा रोज फोन, "वहिनी, अंजीर भिजवलेत ना?" नवऱ्याने गव्हाचा कोंडा आणला. पाच किलो! मी माणूस आहे की गोठ्यातलं जनावर, असं विचारलं तर म्हणाला, "अगं, तंतू असतात त्यात. आतडी झाडून निघतात." मग दह्यात कोंडा, डाळीत कोंडा, सूपमध्ये कोंडा. मी मुकाट्याने गिळला. पंधरा दिवसांत पोट फुगून डबा झालं आणि दुखणं दुप्पट. वर बाथरूमच्या दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज, "झाली का?" सुखाने कुंथूही देत नाहीत मेले!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासून म्हणाल्या, "शौचाच्या जागी चीर पडलीय. महिन्याभरात भरली नाही तर शस्त्रक्रिया. मग दीड महिना गाडी विसरा."

दीड महिना! तेवढ्यात माझी गाडी दुसऱ्याच्या हातात जाणार आणि मी परत खिडकीत.

"खाता काय?" त्यांनी विचारलं. मी सगळी यादी म्हणून दाखवली. बाई खूश झाल्या. "आणि ड्यूटीवर पाणी किती पिता?"

"एक घोट. गोळी घेण्यापुरता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, एवढा कोंडा आणि पाणी नाही? तो आत घट्ट होऊन बसणार नाही तर काय! बरं, नाश्त्यानंतर कळ येते तेव्हा?"

"दाबते."

"दाबायची नाही. कळ परतवली की मल आत सुकत जातो. कोंडा निम्म्यावर आणा, दिवसभर थोडं थोडं पाणी प्या आणि कळ आली की जा."

"जा म्हणजे कुठे?" मी इतक्या जोरात विचारलं की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले.

कारण शेवटच्या थांब्यावर पुरुष चालक भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. बायकांसाठी एक संडास आहे, त्याला कुलूप, आणि किल्ली नियंत्रकाकडे. गाडी थांबते सात मिनिटं. त्यात आपण किल्ली मागायची, त्याने टेबलाचे तीन खण उघडायचे आणि चारचौघांत म्हणायचं, "लवकर हं, मॅडम." आम्ही तिघी बायका गाडी चालवतो आणि तिघीही पाणी पीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! घरच्यांनी पपई आणली, अंजीर आणले, कोंडा आणला. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. पण किल्लीचं मी तरी घरात कधी बोलले होते? त्याचाच मला जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर डबा खाल्ला, अर्धी बाटली पाणी प्यायले आणि किल्ली मागायला गेले. नियंत्रक चहाला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. वेळ झाली, गाडी काढली. चौथ्या सिग्नलला कळ आली. मी सवयीने दात आवळले, आणि मग स्वतःचाच असा संताप आला म्हणून सांगू! महिन्याची मुदत दिलीय आणि ही बाई पुन्हा तेच करतेय.

पुढे पेट्रोल पंप होता. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून म्हणाले, "मंडळी, मी संडासला जाऊन येते. घाई असेल त्यांना मागची गाडी वीस मिनिटांनी आहे."

पस्तीस माणसांच्या देखत दार उघडलं. मी गेले. नऊ मिनिटं लागली. दुखलं, पण झालं.

परतले ती शिव्या खायच्या तयारीनेच. "हा काय प्रकार आहे?" असं एक टायवाला म्हणालाही. तेवढ्यात पुढच्या बाकावरची बाई उठली. रोजची आहे, कुठल्याशा शाळेत झाडलोट करते. हळूच म्हणाली, "ताई, अजून जरा थांबता? मीपण जाऊन येते." तिच्या मागे आणखी तिघी उठल्या. मी इंजिन बंद केलं.

फेरी संपवून परत शेवटच्या थांब्यावर आले तेव्हा बावीस मिनिटं उशीर झाला होता. नियंत्रकाने फॉर्म पुढे सरकवला. "उशिराच्या कारणात 'सिग्नल बंद' लिहा. सगळे तेच लिहितात."

मी लिहिलं, 'चालक आणि चार प्रवासी स्त्रिया शौचास गेल्या होत्या. शेवटच्या थांब्यावरच्या संडासाला कुलूप होते.' आणि खाली सही केली.

त्याने वाचलं. कान लाल झाले त्याचे. "मॅडम, हे वर साहेबांपर्यंत जातं. बाईमाणसाने असं लिहायचं? लाज नाही वाटत?"

"वाटायची ना," मी म्हटलं. "दोन वर्षं वाटली. तिच्यापायीच आता माझ्यावर ऑपरेशनची पाळी आलीय. लावा तो फॉर्म फाइलला."