पंख्याचं तोंड

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णवची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. धुळ्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता आणि माझी नणंद केसर ओसरीत संगणकाचा पत्रा उघडून बसली होती.

"वहिनी, शिलाई मशीनचा ब्रश द्या."

"परत बंद पडलं का?"

"तापतं अन् मरतं. टाइप केलेलं बठ्ठं जातं."

केसरच्या नवऱ्यानं, छगनरावांनी, तिला तीनदा घराबाहेर काढलं होतं आणि तीनदा निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. पुन्हा जायचं नाही म्हणून तिनं पाटल्या मोडून हा जुना संगणक आणला होता. कॉलेजातल्या एका सरांचा प्रबंध संध्याकाळपर्यंत दिला, तर पुढचं काम तिलाच मिळणार होतं. तिच्या भावानं, म्हणजे आमच्या यांनी, बजावलं होतं, "स्वतःचं पोट भरलंस तर राहा. नाहीतर सासरी जा."

आमचं घर जिनिंग गिरणीच्या मागे. थंडीभर उडालेला कापूस संगणकाच्या आतल्या पंख्यात गच्च बसला होता. केसरनं तो ब्रशनं सोडवला, बोटांनी ओढून काढला. माझ्या हातावर ठेवला तर चांगल्या वाती वळण्याइतका भरला.

ती पुन्हा टाइप करायला बसली आणि तिचे थोरले दीर, सुकदेव आबा, न्यायलाच आले. घरात टेबलफॅन एकच. पाहुणा आला की त्याच्याकडे तोंड करून लावायचा. यांनी तो आबांसमोर ठेवला. मी पन्हं दिलं.

"चाल केसर, पिशवी भर. लोके हासतस."

"काम बाकी शे, आबा."

"हाऊ डबा तुले जेवाले देई का?"

केसरनं डब्यावर तळहात टेकवला. पुन्हा तापत चालला होता. ती उठली, आबांसमोरचा पंखा उचलला आणि उघड्या संगणकाकडे तोंड करून ठेवला.

"केसर, पाहुणे बसलेत," हे म्हणाले.

"दिसतंय, भाऊ. ते तापले तर गावी जाऊन गार होतील. हे तापलं तर मला गावी जावं लागेल."

आबांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. उन्हं उतरेपर्यंत घेत राहिले. संगणक बंद पडला नाही. आबांनी भरायला सांगितलेली पिशवी केसरनं घेतली, तीत फ्लॉपी टाकली आणि कॉलेजकडे निघून गेली.

आबा एकटेच परतले. पुढं छगनरावांनी दुसरं लग्न केलं. आमचे हे शेवटपर्यंत आपले अर्ज तिच्याकडूनच टाइप करून घेत, पण त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. तो संगणक भंगारात गेला, त्याच्यामागे आणखी तीन आले. नजर अधू होईपर्यंत केसरनं टायपिंग केलं.

आता घरात आम्ही दोघीच. कूलर आहे, तरी दुपारी ती तोच पंखा लावते, स्वतःकडे तोंड करून. कोणी पाहुणा आला तरी मी तो हलवत नाही.