पस्तीस नंबरची ओळ

मास्तरांनी अंगठ्याएवढ्या कॉम्प्युटरची ती हिरवी पाटी ब्रेडबोर्डच्या भोकाभोकांच्या फळीवर टेकवली, तिच्या दोन्ही कडांचे पाय भोकांच्या रांगांत बरोबर आलेत का हे चष्म्यावरून आणि चष्म्याखालून असं दोनदा पाहिलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाब दिला. चाळीसच्या चाळीस पाय एका दमात आत गेले. एकही वाकला नाही.

"बसली!" ते ओरडले.

"छान," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"न बघताच छान?"

"तुम्ही बसवलीत म्हणजे छानच बसली असणार."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. चार महिन्यांपूर्वी हीच बाई पदराला हात पुसत बाहेर आली असती, पाटीकडे बघून म्हणाली असती, "जेवायच्या टेबलावर हा काय पसारा मांडलाय?" आणि पुढचा अर्धा तास कसा मजेत गेला असता. पण चार महिन्यांपूर्वी मास्तरांना हृदयविकाराचा झटका आला, आणि घरी सोडताना डॉक्टर दोघी मायलेकींना सांगून बसले की, यांना त्रास होईल असं शक्यतो काही बोलू नका. तेव्हापासून या घरात मास्तरांशी कुणी भांडलं नव्हतं.

मास्तरांना भांडण हवं होतं. औषधं वेळेवर मिळत होती, बिनमिठाचं जेवण मिळत होतं, संध्याकाळी फिरायला सोबत मिळत होती. भांडण तेवढं मिळत नव्हतं. त्यांनी तीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, आणि कॉम्प्युटर शिकवत असले तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. वाद घालायची त्यांची हौस साऱ्या शाळेला ठाऊक होती. घरात त्यांना तोडीस तोड मिळाली होती ती लेक. ती आता लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, आणि बेसिक ही भाषा म्हणजे खुळखुळा आहे असं वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांच्या तोंडावर सांगत आली होती. विशेषतः 'गोटू'वर तिचा राग. 'गोटू' म्हणजे हे सोड आणि अमुक नंबरच्या ओळीवर उडी मार, असा हुकूम. मास्तर तो मुक्तहस्ते वापरत. लेक म्हणे, अशाने प्रोग्रॅमचा गुंता होतो, शेपूट कुठे नि तोंड कुठे काही समजत नाही. एकदा यावरून ती दोन दिवस जेवली नव्हती.

आणि तीच लेक बाबांच्या आजारपणापासून घरूनच काम करत होती, आणि परवा ही पाटी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली होती, "बाबा, हिच्यात बेसिक चालतं. तुमचं आवडतं. छान भाषा आहे ती."

मास्तरांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं होतं.

पाटीला काम मिळालं ते मागच्या अंगणातून. बायकोने पाळलेल्या बदकांपैकी पांढरी बदकीण बारा अंडी घालून दोन दिवस बसली आणि मन बदलल्यासारखी उठून टाकीकडे निघून गेली. मास्तर म्हणाले, "मी उबवतो. थर्मोकोलचा खोका, एक दिवा, एक मोटर. बाकीचं ही पाटी बघेल." खरं तर त्यांनी भांडणाच्याच आशेने म्हटलं होतं. आपल्या बदकांची अंडी ही बाई अशी कुणाच्या हाती द्यायची नाही.

बायको आत गेली आणि बाराच्या बारा अंडी टोपलीतून आणून त्यांच्यापुढे ठेवली. "सांभाळून हं," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी मग मन लावून प्रोग्रॅम लिहिला. उष्णता साडेसदतीसच्या खाली गेली की दिवा लाव, वर गेली की बंद कर. दर दोन तासांनी मोटर फिरवून अंड्यांची ताटली कलती कर. मिनिटं मोजत राहा, मिनिटांचे दिवस कर, कितवा दिवस तो पडद्यावर दाखव, आणि पंचविसावा दिवस संपला की ताटली हलवणं बंद, कारण शेवटचे तीन दिवस पिलांना आत स्वस्थ पडू द्यायचं असतं. तीस ओळींत काम झालं. त्यात सात गोटू होते. पाच गरजेचे आणि दोन निव्वळ लेकीला डिवचायला.

लेक मागे उभी राहून पडद्यावरच्या ओळी वाचत होती. मास्तर पाठीचा कणा ताठ करून वाट पाहत होते.

"सुटसुटीत आहे," ती म्हणाली.

"सात गोटू आहेत त्यात."

"तुमची पद्धत आहे ती. चालतंय की व्यवस्थित."

मास्तर टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

दिवस जात राहिले. पडद्यावरचा आकडा रोज एकाने वाढत होता आणि दर दोन तासांनी खोक्यातून घुर्र आवाज येत होता. दहाव्या दिवशी मास्तरांनी पडदे ओढून एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. तीन कोरी निघाली. नऊ अंड्यांत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, आणि एकात तर काहीतरी टुणकन हललं. तिघंही एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि काही वेळ सगळ्यांनाच सगळ्याचा विसर पडला.

पण तेवढंच. भांडणासाठी मास्तरांनी नाना प्रकार करून पाहिले. लिफ्टपेक्षा जिने बरे, लिफ्टमुळे माणसं आळशी झाली, असं ते लेकीला ऐकवत. "खरंय बाबा," ती म्हणे. एकदा त्यांनी हुकमी पान टाकलं. जेवताना बायकोला सहज म्हणाले, "तुझी बहीण गाते ना, ते बेसूर गाते." याच वाक्यावर पूर्वी आठ दिवस अबोला चालला होता. बायकोने भात वाढता वाढता क्षणभर डाव थांबवला आणि म्हणाली, "हो, जरा चुकतो खरा तिचा सूर."

मास्तरांनी घास ताटात परत ठेवला. हे काही खरं नव्हे, त्यांना वाटलं. डॉक्टरांनी आपल्याला सांगितलंय त्यापेक्षा जास्त काहीतरी दोघींना सांगितलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर गेल्याचं बघून त्यांनी कपाटातली रिपोर्टांची फाईल काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाईट असं काही नव्हतं. पण एखादा कागद फाईलमधून काढूनही ठेवता येतो, हे काय त्यांना कळत नव्हतं?

तेवीस दिवस भरले त्या सकाळी बायको टेबलाशी बसून शेंगा सोलत होती, लेक लॅपटॉपवर काम करत होती, आणि मास्तर खोक्याजवळ उभे राहून उगाच फुशारकी मारत होते.

"तेवीस दिवस पूर्ण झाले. एक मिनिट चुकलेलं नाही. म्हणजे चोवीस गुणिले साठ, चौदाशे चाळीस, त्याला तेवीसने गुणलं की तेहतीस हजार एकशे..."

आणि मास्तरांची जीभ जागच्या जागी थांबली.

तेहतीस हजार? ही पाटी मोजते बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत. त्याच्या पुढे तिला आकडा ठाऊक नाही. एक मिनिट जास्त झालं की ती थेट उणे बत्तीस हजारांवर जाऊन पडते. तीस वर्षं मास्तरांनी हा आकडा मुलांकडून घोकून घेतला होता. परीक्षेत त्यावर हटकून प्रश्न घालायचे आणि चुकणाऱ्याचे दोन गुण कापायचे. कोंबडीचे एकवीस दिवस या आकड्यात बसतात, बदकाचे अठ्ठावीस बसत नाहीत. आणि प्रोग्रॅम लिहिताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहाटेच कधीतरी पडद्यावर 'उणे बावीस' यायला हवं होतं. पंचविसावा दिवस मग कधी उजाडलाच नसता आणि शेवटपर्यंत ताटली हलत राहिली असती.

पडद्यावर तेवीस होतं.

मास्तर खुर्ची ओढून बसले. कीबोर्ड पुढे घेतला आणि प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर मागवल्या. दहा, वीस, तीस. ओळींचे आकडे ते नेहमी दहा-दहा सोडून देत, पुढे मध्ये काही घालायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. तीसनंतर चाळीस यायला हवी होती. आली पस्तीस.

पस्तीस नंबरची ओळ त्यांची नव्हती. चौदाशे चाळीस मिनिटं भरली नसतील तर पन्नासवर उडी मार, असं तिच्यात लिहिलं होतं. चाळीस बदललेली होती, दिवसात एक मिळव. खाली पंचेचाळीस, मिनिटं पुन्हा शून्य कर. म्हणजे मिनिटांचा आकडा कधी मोठा व्हायचाच नाही. साधा, नेटका उपाय.

आणि पन्नासवर उडी मारायला गोटू वापरला होता. पंधराव्या वर्षापासून ज्या मुलीने गोटूला हात लावला नाही, तिने तो लिहिला होता, बाबांच्या ओळींत मिसळून जावा म्हणून.

"हे कधी केलंस?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तितका चढला नाही.

लेकीने मान वर केली. पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "अंडी ठेवली त्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

"चूक दिसली आणि मला सांगितली नाहीस."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर माझ्या प्रोग्रॅमबद्दल काही म्हणाले होते?" मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. आता दोघीही मला खरं सांगा. फाईलमधला कुठला कागद काढून ठेवलाय?"

"कसला कागद?" बायकोने हातातली शेंग खाली ठेवली.

"चार महिने तुम्ही माझं सगळं ऐकताय. तुझ्या बहिणीच्या गाण्याचंसुद्धा! माणसाचं इतकं कधी ऐकतात, ते काय मला समजत नाही? किती दिवस उरलेत, तेवढं सांगून टाका."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बायकोला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

"अहो, तसलं काही नाही हो. तुम्ही अगदी ठणठणीत आहात. मी गप्प आहे ती हिच्याकडे बघून. हिने मला शपथच घातली होती."

मास्तर लेकीकडे वळले. ती टेबलाच्या कडेवर नख ओढत होती.

"तुम्ही पडलात तेव्हा फोनवर कुणाशी बोलत होतात?" तिने विचारलं.

"तुझ्याशी."

"बोलत नव्हतात. भांडत होतात. तुम्ही म्हणत होतात, लिफ्टमध्ये आरसा कशाला हवा. मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही. आणि मग तुमच्याकडून आवाजच आला नाही." तिने ओठ घट्ट मिटले, मग म्हणाली, "मी 'बाबा, बाबा' ओरडत होते. मला वाटतं, माझ्यामुळेच झालं ते."

चार महिने ही पोरगी एवढं ओझं घेऊन त्यांना पथ्याचं जेवण वाढत होती, आणि ते आपले ती भांडत नाही म्हणून रुसून बसले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तेवढ्याने हिचं समाधान व्हायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. हिला पुरावा लागतो. लहानपणापासून लागतो.

त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि मनगट तिच्यापुढे धरलं.

"नाडी धर. घड्याळाकडे बघ आणि मोज. आणि मोजता मोजता भांड."

"बाबा, काहीतरीच काय!"

"आरशाचं उत्तर तेव्हा माझ्या अगदी जिभेवर होतं. चार महिने ते तसंच पडून आहे. धर म्हणतो ना!"

तिने दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली.

"तीस ओळींत सात गोटू, बाबा," ती हळूच म्हणाली.

"त्यातले दोन मुद्दाम घातलेत."

"मग पाच तरी कशाला? तो प्रोग्रॅम आहे की उड्या मारायचं मैदान?" आवाज थोडा चढला. "आणि बत्तीस हजार सातशे सदुसष्ट! शाळेत एका मुलाला तुम्ही यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. उणे बावीस दिवसांची बदकं काढणार होतात तुम्ही!"

"तुझी चाळीस नंबरची ओळ तरी..."

"माझ्या ओळीला हात लावू नका! तिच्यामुळेच सगळं चाललंय. तुम्हाला..." ती अडखळली. घड्याळावरची नजर हलली नाही, पण बोटं मनगटावर घट्ट झाली.

"बोल," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला काही कळत नाही," ती म्हणाली.

खोक्यात मोटर घुर्र करून फिरली, ताटली कलती झाली. काटा बारावर आला.

"किती?"

"बाहत्तर," लेक म्हणाली, आणि रडत रडत हसली. मनगट तिने सोडलं नाही.

"बाहत्तर," मास्तर बायकोकडे बघून विजयाने म्हणाले. "ऐकलंस? आता आरशाचं. आरसा लिफ्टमध्ये..."

"आरसा राहू द्या बाजूला," बायको म्हणाली. तिने शेंगांचं ताट सरकवलं, खुर्ची उचलून आणली आणि त्यांच्या पुढ्यात मांडली. "सरका जरा. माझं चार महिन्यांचं साठलंय. पलंगावर ओला टॉवेल टाकता, तिथून सुरुवात करते."

मास्तरांनी दुसरा हात पुढे केला.

"नाडी-बिडी मला काही नको," ती म्हणाली. "नुसतं गप्प बसून ऐका."

पण तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच मास्तरांनी तोंड उघडलं, आणि दोघींनी एकदम "थांबा जरा!" म्हणून त्यांना गप्प केलं.