जुन्या घाटातले दोन दगड

“लाव बे जोर, पुंजा! जेवला नाही का सकाळी?”

सहदेव ओरडला तसा पुंजाजीने पहारीवर सगळा भार टाकला आणि अकरा वर्षं एका जागी बसलेला तो दगड कुरकुरत बाजूला झाला. खालची ओलसर माती उघडी पडली. दोन गोमा वळवळत गवतात पळाल्या.

पुंजाजी धापा टाकत खाली बसला. “काही म्हण सहदेवा, मले हे बरं वाटून नाही राह्यलं. आपणच आणले, आपणच काढून राह्यलो.”

“एका दिवसासाठी बे. सायकलीच्या मांगं अँबुलन्स पाह्यजे म्हणते सर. कोणाचा पाय मोडला त तू नेशील का खांद्यावर? परवा लावू परत.”

“सर येईन लावाले?”

“सरनं शब्द देल्ला आहे,” सहदेव म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथंच संपला.

मैलकुली म्हणजे काय, हे आजकाल सांगावं लागतं. रस्त्याचा एखादा तुकडा ज्याच्या हवाली केलेला असतो तो माणूस. खड्डा पडला की बुजवायचा, नाल्या उकरायच्या, कडेचं गवत काढायचं. हत्यारं चार: फावडं, घमेलं, माती ठोकायचा दुरमुस आणि लाल झेंडी. झेंडी रोवल्याशिवाय रस्त्यावर काम करायचं नाही, हा नियम. बुलढाण्याच्या पठारावरून खाली उतरणारा जुना मुरमाचा घाट बावीस वर्षं सहदेवच्या हवाली होता. पलीकडून रुंद डांबरी रस्ता झाला, एसटी तिकडून जायला लागली, खात्याने जुना घाट वहीतून काढून टाकला आणि सहदेवची बदली नव्या रस्त्यावर केली. खात्याने काढला, सहदेवने नाही काढला. सुटीच्या दिवशी तो जुन्या घाटात, आणि निवृत्त झाल्यावर तर रोजच. “चालले का माह्या सवतीले भेटाले?” असं रुखमाबाई म्हणायची, पण भाकरी बांधून द्यायला कधी चुकली नाही.

घाट मोकळा पडल्यावर मुरमाच्या टिप्परवाल्यांचा डोळा घाटालगतच्या टेकडीवर गेला होता. त्या टेकडीच्या पायथ्याला गावाच्या पाण्याचा झिरा आहे. टेकडी पोखरली की झिरा आटणार, झिरा आटला की खालच्या मिरच्या, वांगी, कोथिंबीर सगळं गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा सहदेवने गाव गोळा करून घाटाच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक मोठा दगड लोटून आणला. माणूस जाईल, म्हैस जाईल, सायकल जाईल. टिप्पर जाणार नाही, एवढीच जागा ठेवली. तेव्हापासून घाटात इंजिनाचा आवाज नव्हता.

नेमकं हेच अविनाश सरांना आवडलं. सर बुलढाण्यात गणिताचे क्लास घेत. दिवाळीत ते रुंद चाकांच्या सायकली घेतलेला एक घोळका घेऊन आले, घाट उतरले आणि खाली सहदेव दिसताच थांबले.

“काका, नऊ किलोमीटर आलो, एक गाडी नाही! असल्या रस्त्यासाठी लोक हिमाचलात जातात हो. कोण ठेवतं हा इतका चांगला?”

एवढ्या आयुष्यात हा प्रश्न सहदेवला कोणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, गावाने नाही. रस्ता चांगला असला की तो आपोआपच चांगला असतो, असं लोकांना वाटतं. सहदेव विरघळलाच म्हणा ना. त्याने सरांना सगळा घाट पायी फिरवून दाखवला. मधल्या वळणावर तो रस्त्याखालच्या मोरीपाशी उकिडवा बसला.

“ही मोरी पाहा सर. माह्या हातची आहे. वरच्या सगळ्या डोंगराचं पाणी हिच्यातून पल्याड जाते. हिचं तोंड बुजलं त एका पावसाळ्यात घाट खल्लास. सारं पाणी रस्त्यावर येते अन् रस्ता कापून नेते.”

सरांनी फोटो काढले. घरी येऊन भाकरी-ठेचा खाल्ला, रुखमाबाईच्या पाया पडले. पुढे चार-पाचदा आले. येताना कधी केळी आणत, कधी तिच्या गुडघ्यासाठी मलम. आणि डिसेंबरात एक कागद घेऊन आले.

“काका, स्पर्धा घेतोय आपल्या घाटात. गावाची हरकत नाही, एवढं लिहून पाहिजे.” ओट्यावर बसून सरांनी कागद मोठ्याने वाचला: सायकल स्पर्धेच्या दिवशी रस्ता खुला करण्यास आमची हरकत नाही. मग कागद सहदेवच्या हातात दिला.

सहदेवला वाचता येत होतं. सातवी पास होता तो. पण सरांसारख्या माणसाने वाचून दाखवल्यावर आपण पुन्हा डोळ्यासमोर धरायचा, म्हणजे काय समजावं त्यांनी? त्याने कागदाची घडी घातली आणि त्रेचाळीस घरं फिरला. कोणी वाचला नाही. सहदेवने आणलाय, मग वाचायचं काय? सगळ्यात शेवटी त्याने आपली सही केली आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: मैलकुली, जुना घाट. नोकरीभर त्याने फक्त हजेरीवर सही केली होती. रस्त्याच्या बाबतीत त्याची सही कोणाला लागली, ती पहिल्यांदा.

सहदेव आणि पुंजाजीने दगड काढले, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा जोरात झाली. दोनशे सायकली आल्या. सहदेवला स्टेजवर बोलावून गळ्यात पदक घातलं, सर माइकवर म्हणाले, “हा माणूस नसता तर हा मार्ग नसता.” टाळ्या पडल्या. शेजारी पांढऱ्या कपड्यांतले राजकुमारभाऊ होते, बांधकामवाले, स्पर्धेचा खर्च त्यांचा. ते कानाशी वाकून म्हणाले, “काका, वजन झेलते का हो हा रस्ता?”

“कापसाच्या ट्रका झेलल्या यानं, भाऊ,” सहदेव छाती फुगवून म्हणाला. “मोरी माह्या हातची आहे.”

तिसऱ्या दिवशी तो पुंजाजीला घेऊन दगड लावायला गेला, तर दगड जागेवर नव्हते. जेसीबीच्या दातांच्या खुणा होत्या. सरांना फोन लावला.

“अहो काका, सांगायचं राहिलं. त्यावर घाटाचं नाव कोरून आणतोय. तुमचंही नाव टाकू.”

सहदेवने हे गावभर सांगितलं. आज ते आठवलं की त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आठव्या दिवशी पहाटे घाटात इंजिन घुरघुरलं. एक नाही, तीन टिप्पर. उजाडायच्या आत ते भरून निघूनही गेले. सहदेव तसाच एसटीने बुलढाण्याला गेला आणि क्लास सुटेपर्यंत जिन्यात उभा राहिला.

“सर, टिप्पर चालू झाले. दगड कुठं आहेत?”

सरांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, दार लावलं. मग कपाटातून कागदाची झेरॉक्स काढून पुढे ठेवली. या वेळी सहदेवने वाचली. सदर रस्ता सर्व प्रकारच्या वाहनांकरिता कायमस्वरूपी खुला करण्यास आम्हा ग्रामस्थांची हरकत नाही. खाली त्रेचाळीस सह्या, आणि शेवटी त्याचं स्वतःचं वळणदार अक्षर.

“तुम्ही हे नव्हतं वाचलं सर.”

“काका, राजकुमारभाऊंशिवाय स्पर्धाच झाली नसती. कागद त्यांनी बनवला. आणि खरं सांगू, मला वाटलं नव्हतं ते इतक्या लवकर सुरू करतील.”

सहदेवने झेरॉक्स टेबलावर परत ठेवली.

“म्हणजे मालूम होतं तुम्हाले.”

सरांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता, एवढं कबूल केलं पाहिजे. वाईट असता तर सहदेव सावध राहिला असता.

“माह्या घरी जेवले तुम्ही,” सहदेव एवढंच म्हणाला आणि ग्लासातल्या पाण्याला हात न लावता उठला.

गावाने अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी तोच कागद समोर आला. सहदेवला कोणी शिवी दिली नाही. तो पारावर गेला की बोलणं थांबायचं, एवढंच. पुंजाजी एकदाच म्हणाला, “तुह्या भरवशावर सही केली बापा मी,” आणि त्यानंतर सहदेव समोर दिसला की शेताकडच्या वाटेला लागायचा. पदक घरात खुंटीवर होतं. रुखमाबाईने ते कधी काढून ठेवलं, सहदेवने विचारलं नाही.

मे लागला. टेकडीची एक बाजू तांबडी उघडी पडली. झिऱ्यावर हंडा भरायला दुप्पट वेळ लागायला लागला. टिप्परांनी रस्त्यावर वीत-वीत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. एका सकाळी सहदेव अशीच एक चाकोरी भरत होता. दोन घमेली टाकून झाली, तिसरं उचललं आणि त्याचा हात थांबला. आपण हा रस्ता कोणासाठी नीट करतोय? घमेल्यातला मुरूम त्याने तिथंच कडेला ओतला आणि घरी आला. दोन दिवस तो नीट जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने चारही हत्यारं घेतली आणि मधल्या वळणावर गेला. टिप्पर पहाटेच येऊन गेलेले, दिवसभर घाटात चिटपाखरू नसायचं. तरी त्याने आधी रस्त्यात लाल झेंडी रोवली. मग मोरीच्या तोंडाशी उतरला आणि दगड रचायला लागला. मोठा दगड खाली, त्यावर लहान, फटींत चिपा, वर चिकणमाती. प्रत्येक थरावर दुरमुस.

दुपारी रुखमाबाई भाकरी घेऊन आली. वरून वाकून पाहत राहिली.

“काय करून राह्यले तुम्ही?”

“काही नाही. मोरी बुजवून राह्यलो.”

तिला या घाटातलं सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं ऐकत आली होती ती. “अवं पण मंग पाणी रस्त्यानं येईन ना,” ती म्हणाली. “सारा घाट वाहून जाईन.”

“हाव.”

“तुमचा घाट आहे तो.”

“म्हणूनच मी करून राह्यलो. दुसऱ्याले नाही जमणार हे. कच्चं राहीन.”

तिने भाकरीचं फडकं झाडाच्या फांदीला अडकवलं, दुखरा गुडघा धरत खाली उतरली आणि दगड हाताशी द्यायला लागली. एक दगड त्याने परत दिला. “हा नाही, चपटा दे.” तिने चपटा दिला.

उन्हं कलली तेव्हा काम संपलं. सहदेव मागे सरकून, एक डोळा मिटून उतार पाहू लागला. एका ठिकाणी माती थोडी कमी वाटली. त्याने आणखी अर्धं घमेलं टाकलं, दुरमुस मारला, तळहाताने गुळगुळीत केलं. बोट लावून पाहिलं, फट कुठं नव्हती. आयुष्यात त्याने इतकं चोख काम क्वचित केलं असेल.

मग त्याने रस्त्यातून लाल झेंडी उपटली, काठीवरची माती झाडली आणि रोजच्यासारखी नीट गुंडाळून काखेत घेतली.

“चला,” रुखमाबाई म्हणाली.

रस्त्याच्या मधोमध एक सुटा दगड पडला होता. सवयीने तो उचलायला सहदेव वाकला. वाकलेला क्षणभर तसाच राहिला, मग सरळ झाला आणि दगड ओलांडून तिच्या मागे निघाला.