ताहिरसाहेबांची बाग

अंजना बागेच्या फाटकातून आत आली तेव्हा एक वाजला होता, आणि मुंबईचं विमान साडेचारला होतं. तिकीट पर्समध्ये होतं. पासपोर्ट मात्र आखातातल्या मनामा शहरात ती नोकरी करायची त्या ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली मालकांच्या, ताहिरसाहेबांच्या खिशात. तिकडे नागपूरला तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. भावाचा सकाळीच फोन आला होता, "बाबा तुझंच नाव घेऊन राह्यले. आजच्या आज निघ." नवरा जगदीश सित्राच्या तेलकारखान्यात शिफ्टवर, म्हणून ती एकटीच टॅक्सी करून आली होती.

शुक्रवारी ऑफिसला सुट्टी, तेव्हा साहेब आपल्या आजोबांच्या खजुरीच्या बागेत पाहुण्यांना फिरवायचे. आज एक इंग्रज जोडपं होतं.

"आओ, आओ! तुम भी बाग देखने आई?" तिला बघून साहेब म्हणाले.

"जी," अंजना म्हणाली.

का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. पाहुण्यांसमोर मध्येच कसं बोलायचं? जरा आटपू दे, मग बाजूला घेऊन सांगू, असं तिने ठरवलं.

पण साहेबांचं आटपतंय कुठलं! एकेक खजुरीची कुळकथा झाली. आटलेला झरा झाला, कोरडे पाट झाले, डाळिंबं झाली. मग जुन्या घराचे नक्षीदार दरवाजे, मग कॉफी. दोन वाजले, अडीच वाजले. अंजनाने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा त्या मडमेला नेमका नवा प्रश्न सुचला. कसली मेली ती हौस!

हौदामागे एक बुटकी, बिनखिडकीची खोली होती. तिथे साहेबांचा आवाज जरा खाली आला.

"दादा के खरीदे हुए लोग यहां रहते थे. कुछ मांगना हो तो बाहर खड़े रहते. दादा पूछे, तभी बोलते."

अंजनाला दरदरून घाम फुटला. दोन तास ती दुसरं काय करत होती? बाबांनी अर्धपोटी राहून तिला शिकवलं, ते कुणासमोरही मान वर करून बोलता यावं म्हणून. आणि त्यांच्याचसाठी बोलायची वेळ आली तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली होती.

"साहब, मेरे बाबा मर रहे हैं!" ती ओरडलीच. "साढ़े चार का फ्लाइट है. मेरा पासपोर्ट दो!"

साहेबांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना तिथेच सोडून ते गाडीकडे धावले. वाटभर एकच घोकत होते, "आते ही क्यों नहीं बोला, बेटी? मैं रोकता क्या?" ते तिच्यावर खेकसले असते तर तिला सोपं गेलं असतं. ऑफिसात कपाट उघडून पासपोर्ट हातात द्यायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

विमानतळावर पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काउंटर बंद. साहेबांनी अरबीत गयावया केली, आरडाओरडा केला, काही चाललं नाही. पुढचं विमान रविवारी.

तिने तिथूनच नागपूरला फोन लावला.

"बाबा सारखे विचारून राह्यले," भाऊ म्हणाला. "विमानात बसली का म्हणून. काय सांगू?"

"सांग," अंजना म्हणाली, "बसली म्हणून."