रानकांद्याचं शरबत

सकीनाने रानकांद्याच्या पाकळ्या सुरीने सुट्या केल्या आणि बोटांना गुंडाळलेली चिंधी आणखी घट्ट केली. या कांद्याचा रस कातडीला लागला की दिवसभर खाज सुटते. दारात टांगा थांबला तरी तिने मान वर केली नाही. उतरणाऱ्या माणसाची धाप ओट्यापर्यंत ऐकू येत होती; असे धापा टाकणारेच दूधबाजारातल्या या घरी येत.

"हकीमसाहेबांची लेक तुम्हीच का?"

आवाज ऐकताच सुरी थांबली. विंचूरचा कांद्याचा व्यापारी धोंडीराम. अंग सुटलं होतं, सुजलेले पाय जोड्यात मावत नव्हते, पण चेहरा तोच. मागे त्याची बायको लंकाबाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"बसा," सकीना म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी हाच माणूस आईसाठी औषध न्यायला आला होता. सकीनाचे वडील सलाउद्दीन हकीम छातीच्या दुखण्यावर रानकांद्याचं शरबत देत. मधात आणि सिरक्यात मुरवलेलं ते शरबत पोटात गेलं की सूज उतरे, धाप बसे, बसून रात्र काढणारा माणूस आडवा होऊन झोपे. पण देण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, डॉक्टरचे थेंब चालू आहेत का? ते थेंबही पानांच्या अर्काचे, आणि दोन्हींचा गुण एकच. एकटं घेतलं तर औषध. दोन्ही एका पोटात गेली तर उलट्या लागतात, नाडी अडखळते आणि थांबते. हे सगळं समजावून अब्बांनी धोंडीरामला विचारलं होतं. सकीना तेव्हा आत खल घेऊन बसली होती. त्याचं "नाय" तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं.

म्हातारी आठवड्याच्या आत गेली. तिला थेंब चालू होते हे अब्बांना मागाहून समजलं. तोवर धोंडीराम बाजारभर सांगत सुटला होता, हकीमानं माझी आई मारली. ओट्यावरची माणसं आटली. अब्बा तरी रोज सकाळी ओटा झाडून बसत. "त्याला समजलं नसेल बेटी, घाबरला असेल," एवढंच म्हणत. असेच एकदा बसल्या जागी गेले. पुढे हळूहळू बायका सकीनाकडे येऊ लागल्या, मग पुरुषही.

अब्बांनी माफ केलं होतं. सकीनाने नाही. आईचं दुखणं लेकात उतरतं, हे तिला ठाऊक होतं. आज ना उद्या हा छाती धरून येईल. तेव्हा तोच प्रश्न विचारायचा. तो पुन्हा खोटं बोलेल. मग बाटली भरून द्यायची. खोटं त्याचं, मरणही त्याचंच.

तिने फळीवरची बाटली काढून समोर ठेवली.

"पाय कधीपासून सुजलेत?"

"पोळ्यापासून. रातीला झोप नाय, भिंतीला टेकून बसतो नुसता. आमच्याकडचा एक हमाल तुमच्या औषधानं उठला, म्हून आलो."

"डॉक्टरचे थेंब चालू आहेत?"

धोंडीराम लगबगीने पुढे सरकला.

"हायेत की. पण मी इचार करून आलोय, बाई. आधी थेंब बंद करतो, काही दिस जाऊ देतो, मग तुमचं शरबत. दोन्ही एकदम पोटात नको. तुमच्या वडलांनी मला नीट समजावलं व्हतं."

बाटलीच्या बुचावरचा सकीनाचा हात तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिने या क्षणाच्या पुष्कळ तऱ्हा मनात रचल्या होत्या. तो खरं बोलेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"समजावलं होतं," ती म्हणाली. "मग आईच्या वेळी 'नाय' का म्हणालात?"

त्याने पागोट्याच्या शेवाने मान पुसली.

"तवा वाटलं, दोन्हींनी म्हातारी लवकर उठंल. खरं सांगितलं असतं तर हकीमसाहेबांनी दिलं नसतं."

"थेंब कोण देत होतं?"

"मीच द्यायचो. गुपचूप."

लंकाबाईने पहिल्यांदाच मान वर केली.

"मला म्हणले, तुझ्या हातनं चमचा जास्त पडला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शरबत मी पाजत व्हते. नणंदांनी माझं तोंड बघायचं सोडलं. भाईर हकीमाचं नाव, घरात माझं."

"लंके, आता जुनं कशाला काढतीस? मला दम लागतोय."

लंकाबाईने पिशवीतून थेंबांची छोटी शिशी काढली, नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि ओटा उतरून चालू लागली. त्याने दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

सकीनाने बाटली परत फळीवर ठेवली.

"तुम्हाला शरबत नाही."

"मग थेंब तरी मोजून द्या, बाई. माझा हात कापतो, रोज तीच मोजायची. वेळ झाली. एखादा जास्त पडला तर..."

"तर काय होतं, ते अब्बांनी समजावलंय तुम्हाला."

ती त्याच्या शेजारून खाली उतरली आणि गल्लीच्या तोंडाशी तिने लंकाबाईला गाठलं.

"कुठं निघालात?"

"माहेरी. हरसूलला."

"लांब आहे. पाणी पिऊन जा." शब्द निघून गेले आणि मग सकीना चपापली. "समोर माळ्याचं घर आहे. त्यांच्याकडून तांब्या आणते."

लंकाबाईने ओट्याकडे पाहिलं. धोंडीराम शिशी डोळ्यांशी धरून बुचाशी झटत होता.

"कशाला?" ती म्हणाली. "तुमच्याच घरचं द्या."

ती परत आली आणि नवऱ्याकडे पाठ करून पायरीवर बसली. सकीनाने दिलेला लोटा दोन्ही हातांनी धरून, मध्ये न थांबता तिने रिकामा केला. मग पदराने ओठ टिपले आणि लोटा पुन्हा पुढे केला.