सेवउसळ नावाची विद्यार्थिनी

भास्कररावांनी पडद्यावरच्या नावाकडे बोट दाखवले आणि वर्गाला गुजरातीत विचारले,

"सेवउसळ कोण छे?"

साठ मुलांत कोणी हसलेसुद्धा नाही. फळ्याशी मुलांची शिक्षिका निरुपमा उभी होती. सेवउसळ ती स्वतःच होती.

जूनमध्ये तिने पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रासाठी ऑनलाइन चर्चामंच सुरू केला होता. मुलांनी टोपणनावाने प्रश्न विचारायचे, उत्तरेही मुलांनीच शोधायची आणि मॅडमनी दोन दिवस तोंड उघडायचे नाही, असा नियम. नियम झकास होता, फक्त तीन आठवडे तिथे चिटपाखरू फिरकले नाही. शेवटी तिलाच राहवेना. रावपुऱ्यातून येताना गाडीवरच्या ज्या चटकदार सेवउसळीच्या वासाने पाय रेंगाळत, तिचेच नाव घेऊन तिने एक प्रश्न टाकला, पाठोपाठ आणखी काही. मग मुले लिहायची थांबेनात.

विभागप्रमुख भास्कररावांना हे सारे थोतांड वाटे. बाई स्वतःच प्रश्न लिहितात, अशी कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती. तसे निघाले तर मंच आजच बंद आणि सोमवारपासून पुन्हा नोट्स उतरवून द्यायच्या, हे त्यांनी जिना चढतानाच सांगून टाकले होते.

लबाडी झाली होती, त्यात वाद नव्हता. निरुपमाने खडू ठेवला, पदराला हात पुसले आणि एक पाऊल पुढे टाकले.

"हुं छुं, सर."

आवाज मागून आला. शेवटच्या बाकापाशी पूर्वी नावाची मुलगी उभी होती. हजेरीपलीकडे जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ती. भास्कररावांनी चष्म्यावरून तिला न्याहाळले आणि मंचावरचा पहिलाच प्रश्न पुढे केला. पाणी उकळू लागल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी ते शंभर अंशांच्या वर का जात नाही? मग ती उष्णता जाते कुठे? पूर्वीने बाकाची कड घट्ट धरून, अडखळत सांगितले. वर्गातल्या ध्रुवने मंचावर काय चुकीचे लिहिले होते आणि ते तिला का पटले नव्हते, तेही सांगितले. भास्कररावांना खोट काढायला काही सापडेना. ते निघून गेले.

तास संपल्यावर निरुपमाने तिला थांबवून घेतले.

"माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"खोटं नाही, मॅडम." आता ती घरच्या मराठीत बोलत होती. "ते प्रश्न माझेच आहेत. जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिले होते. तपासायला देताना खोडले होते."

निरुपमाला ते पान आठवले. उजेडात तिरके धरून तिने ते वाचले होते आणि तेच प्रश्न मंचावर टाकले होते. मुलांना काय अडते ते कळायलाच हवे, असे तेव्हा मनाला समजावले होते. आता तिला लाज वाटली.

"तुम्ही आधी मला विचारायचं होतं ना," पूर्वी म्हणाली.

चुकलंच माझं, असे म्हणून निरुपमाने कागदाच्या तुकड्यावर सेवउसळचा पासवर्ड लिहिला आणि तिच्यापुढे धरला.

पूर्वीने तो घेतला नाही.

"अजून चार प्रश्न आहेत. ते मी माझ्या नावानं टाकीन," ती म्हणाली. "तुम्ही फक्त दोन दिवस काही बोलू नका."